तोंडचे पाणी आणि जठरातला अग्नी



वैशाखाचे दिवस आहेत. बाजारात कैऱ्या आल्या आहेत. कोवळी, कडक, हिरवीगार कैरी विळीवर चिरली आहे, फोडींवर तिखटमीठ भुरभुरले आहे आणि त्यातली एक फोड कोणी आपल्यापुढे धरली आहे, एवढे क्षणभर मनात आणा. मी येथे नुसते शब्द उच्चारतो आहे. कैरी ना माझ्याजवळ आहे, ना आपल्याजवळ. तरीही आपल्यापैकी पुष्कळांच्या जिभेखाली आत्ता थोडे पाणी जमले असेल. आजच्या विषयातला पहिला प्रयोग आपण सर्वांनी मिळून केला, आणि त्याला ना उपकरण लागले, ना पैसा.

याच्या उलट प्रयोग इकडे व्यासपीठावर चालू आहे. एवढा मोठा समुदाय समोर पाहिला की माझ्यासारख्याच्या तोंडाला कोरड पडते. वक्त्यापुढे पाण्याचे तांब्याभांडे ठेवण्याची रीत ज्याने पाडली, तो मोठा अनुभवी माणूस असला पाहिजे.

आपल्या भाषेत या दोन्ही प्रयोगांना नावे आहेत. आवडीचा पदार्थ दिसला की तोंडाला पाणी सुटते, आणि संकट दिसले की तोंडचे पाणी पळते. शरीरशास्त्राचे एकही पुस्तक न उघडता आपल्या पूर्वजांनी या दोन वाक्प्रचारांत एक सिद्धांत सांगून ठेवला आहे. तो असा की, पाचकरसांवर मनाची सत्ता चालते. हा सिद्धांत किती खरा आहे, हे मला आज सांगायचे आहे. आणि त्याची हद्द कोठे संपते, हेही सांगायचे आहे. कारण ती हद्द न ओळखल्यामुळे आमच्याच घरातल्या एका बाईने पुष्कळ वर्षे विनाकारण दुःख सोसले. त्या गोष्टीकडे मी शेवटी येईन.

प्रथम लाळेचा विचार करू. लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आपल्याला आहेत. एक कानाच्या पुढे, दुसरी खालच्या जबड्याच्या आत व तिसरी जिभेखाली. गालगुंड झाले की सुजते ती बहुधा कानापुढची ग्रंथी. तिची नळी गालातून येऊन वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. याशिवाय ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी आहेत. या सर्वांची मिळून दिवसाकाठी सुमारे एक लिटर लाळ होते, आणि ती आपण नकळत गिळून टाकतो.

ही लाळ कशी तयार होते, ते पाहण्यासारखे आहे. ग्रंथीच्या टोकाशी द्राक्षाच्या घोसासारखे पेशींचे पुंजके असतात. तेथे रक्तातले पाणी व क्षार घेऊन पहिला रस तयार होतो. तो रक्तद्रवाइतकाच खारट असतो. मग तो नळीतून पुढे सरकू लागला की नळीच्या भिंती त्यातले मीठ परत शोषून घेतात, आणि तोंडात येईपर्यंत लाळ अळणी होते. याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. जीभ सदैव खाऱ्या पाण्यात बुडालेली असती, तर आमटीत मीठ कमी पडले हे तिला कसे कळले असते?

लाळेचे काम घास भिजवण्यापुरतेच नाही. भाकरी पुष्कळ वेळ चावली की गोड लागू लागते, ती लाळेतल्या एका पाचक द्रव्यामुळे. ते पिठाची साखर करू लागते. लाळेत जंतुनाशक द्रव्ये आहेत, दातांना आम्लापासून जपणारे क्षार आहेत. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून सकाळी तोंड शिळे वाटते. आजाराने किंवा औषधांनी ज्यांची लाळ आटते, त्यांचे दात भराभर किडतात. जी वस्तू आपण थुंकून टाकतो, तिची किंमत ती गेल्यावर कळते.

आता प्रश्न असा की, या ग्रंथींना हुकूम कोण देतो? तो हुकूम जवळजवळ सर्वस्वी मज्जातंतूंचा असतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले की, ग्रंथीकडे जाणारा मज्जातंतू विजेने चेतवला की लाळ वाहू लागते. जिभेवर चव लागली, नाकात फोडणीचा वास गेला किंवा नुसती आठवण झाली, तरी मेंदूच्या बुडाशी असलेल्या केंद्रातून आज्ञा सुटते आणि लाळ पातळ, भरपूर अशी वाहू लागते. भीती वाटली की मेंदू ती आज्ञाच मागे घेतो. तोंडचे पाणी पळते ते असे.

घास गळ्याखाली उतरला की दृष्टिआड होतो. पोटात पुढे काय घडते, याविषयी शतकानुशतके नुसते तर्क चालले. आपल्याकडे जठराग्नी मानला गेला; गीतेतही प्राण्यांच्या देहात राहून अन्न पचवणाऱ्या वैश्वानराचा उल्लेख आहे. युरोपात कोणी म्हणत, अन्न तेथे शिजते. कोणी म्हणत, दळले जाते. कोणी म्हणत, कुजते. वाद मिटवायचा तर पोटात डोकावून पाहायला हवे होते. तशी खिडकी उघडली ती एका अपघाताने.

6 जून 1822 रोजी उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. जनावरांच्या कातड्यांच्या व्यापारात राबणारा हा गरीब मजूर. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याच्यावर उपचार केले. तो जगेल अशी आशा नव्हती, पण जगला. मात्र जखम भरताना जठराचे भोक बाहेरच्या कातडीला जुळले आणि कायमचे उघडे राहिले. 1825 पासून बोमाँट यांनी त्या भोकातून मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून आत सोडावेत, ठरावीक वेळाने ओढून पाहावेत, असा क्रम चालवला. त्यांनी तेथला रस बाहेर काढला आणि कुपीत मांसाचा तुकडा घालून शरीराइतक्या उबेत ठेवला. मांस कुपीतही विरघळले! म्हणजे दळणारे कोणी नाही, भट्टी नाही. जे काही आहे ते त्या रसात आहे. 1833 साली त्यांनी 200 हून अधिक प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडनच्या विल्यम प्राउट यांनी 1823 मध्येच या रसातले आम्ल ओळखले होते. सोनार व रसायनवाले वापरतात तेच हायड्रोक्लोरिक आम्ल. 1836 साली थिओडोर श्वान यांनी त्यातले मांस पचवणारे द्रव्य शोधले व त्याला पेप्सिन असे नाव दिले. आपला जठराग्नी तो हा. जाळणारा खरा, पण पाण्यासारखा वाहणारा.

बोमाँट यांनी आणखी एक नोंद केली आहे. सेंट मार्टिन रागावला, घाबरला किंवा त्याला ताप आला, की जठराचे अस्तर कधी लाल व कोरडे होई आणि रस नीट सुटत नसे. त्या गरिबाला राग येण्याला कारणही होते. पोटापाण्यासाठी पोटच भाड्याने द्यावे लागलेला तो माणूस. तो अनेकदा कंटाळून घरी निघून गेला. 1880 साली तो वारला, तेव्हा डॉक्टरांच्या हाती देह लागू नये म्हणून घरच्यांनी तो मुद्दाम काही दिवस तसाच ठेवला व मग खोल पुरला. आपण आज जे जाणतो, त्याचे काही ऋण अशा माणसाकडे आहे, हे विसरू नये.

बोमाँट यांना जे ओझरते दिसले, ते पक्के केले रशियातल्या इव्हान पावलोव यांनी. पावलोव म्हटले की आपल्याला घंटा आणि कुत्रा आठवतो. परंतु 1904 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनावरच्या संशोधनाबद्दल. त्यांनी कुत्र्याची अन्ननलिका गळ्याशी कापून बाहेर उघडी केली. कुत्रा खाई, पण गिळलेला घास गळ्यातूनच खाली पडे. जठरात कणही जात नसे. तरी पाचएक मिनिटांत जठरातून शुद्ध रस वाहू लागे! मग मेंदूपासून जठरापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू कापला, की तोच कुत्रा तितक्याच आवडीने खाई, पण रस सुटत नसे. पान वाढायच्या आधी पाणी घ्यावे, तशी ही मेंदूची आगाऊ तयारी आहे. एका जेवणाला लागणाऱ्या रसाचा सुमारे तिसरा हिस्सा अन्न जठरात पोचण्यापूर्वीच्या या हुकुमावर सुटतो, असे आता मानतात.

पण मग उरलेल्या रसाचे काय? पावलोव यांचा कल सर्व कारभार मज्जातंतूंकडे सोपवण्याचा होता. त्याला धक्का दिला लंडनच्या बेलिस व स्टार्लिंग या जोडीने. जानेवारी 1902 मध्ये त्यांनी आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडले. तारा तोडल्यावर निरोप जायला नको होता. तरी स्वादुपिंडातून रस सुटला! मग आतड्याचे अस्तर खरवडून त्याचा अर्क शिरेत टोचला, तरीही सुटला. म्हणजे निरोप तारेने गेला नाही, टपालाने गेला, रक्तातून गेला. अशा रक्तवाही निरोप्यांना स्टार्लिंग यांनी 1905 साली ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. त्याच वर्षी एडकिन्स यांनी जठरातही असा निरोप्या असल्याचे सांगितले व त्याला गॅस्ट्रिन म्हटले. पुष्कळांनी ते मानले नाही. लिव्हरपूलच्या ग्रेगरी व ट्रेसी यांनी 1964 साली डुकराच्या जठरातून गॅस्ट्रिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेव्हा वाद मिटला.

आज आपल्याला जे चित्र दिसते, ते थोडक्यात असे आहे. जठराच्या अस्तरात असंख्य सूक्ष्म विहिरी आहेत. त्यांतल्या काही पेशी आम्ल सोडतात, काही पेप्सिनचे निष्क्रिय रूप सोडतात आणि काही चिकट बुळबुळीत लेप सोडतात. पेप्सिन निष्क्रिय का? तयार होतानाच ते सक्रिय असते, तर पेशीलाच खाऊन टाकते. आम्लात पडल्यावरच ते कामाला लागते. रक्ताच्या मानाने या रसाची आम्लता दहा लाख पटींहूनही अधिक असते. दिवसाला असा दीड ते अडीच लिटर रस सुटतो. तरी जठर स्वतःला पचवत नाही, कारण त्या लेपात अल्कधर्मी क्षार धरून ठेवलेले असतात, आणि अस्तराच्या वरच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात.

आम्ल सोडणाऱ्या पेशीत सूक्ष्म पंप आहेत. एरवी ते आत मिटून बसलेले असतात. हुकूम आला की पृष्ठभागावर येऊन आम्ल उपसू लागतात. हुकूम आणणारे तिघे. पहिला व्हेगस मज्जातंतू. दुसरे गॅस्ट्रिन, जठर अन्नाने ताणले आणि डाळ, दूध, मांस यांतली प्रथिने फुटू लागली, की ते रक्तात उतरते. तिसरे हिस्टमीन, ते शेजारच्याच पेशींतून निघते, आणि गॅस्ट्रिन आपले बरेचसे काम त्याच्याकरवी करून घेते.

आणि चौथा एक आहे, थांबवणारा. जठरातले आम्ल पुरेसे झाले की सोमॅटोस्टॅटिन नावाचे द्रव्य गॅस्ट्रिनला आवर घालते. शिवाय अन्न लहान आतड्यात उतरू लागले की आतडेही वर निरोप पाठवते, जरा हळू, पहिले आवरू दे. स्निग्ध पदार्थ असला तर हा निरोप विशेष जोराचा असतो. तळणाचे जेवण पोटात पुष्कळ वेळ बसून राहते ते त्यामुळेच. श्रोतेहो, चांगल्या कारभाराची खूण सुरू करण्यात नाही, वेळेवर थांबवण्यात आहे. ही चौथ्याची गोष्ट लक्षात ठेवा; तिचे काम आता पडणार आहे.

आमचे एक काका कचेरीत कारकून होते. 1960 नंतरच्या काळात त्यांना पोटदुखी जडली. मध्यरात्री दुखे, काही खाल्ले की थांबे. आतड्याच्या तोंडाशी व्रण आहे, असे निदान झाले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे कारण ठरलेलेच होते, चिंता, संताप आणि तिखट. काकांना दर दोन तासांनी दूध देण्यात येई. घरात मोठ्याने बोलायला बंदी झाली. काकांचा स्वभाव चिडका, असे जो तो म्हणू लागला. आणि काकू? काकूंचा ठेचा साऱ्या आळीत नावाजलेला. तिने ठेचा करणे सोडले, पण मनातून गेले नाही. ‘माझ्या हातच्या तिखटाने आणि माझ्या बोलण्याने यांचे पोट जळले,’ असे ती म्हणे. पुढे काकांचे अर्धेअधिक जठर कापून काढावे लागले. त्यानंतर ते पुष्कळ वर्षे जगले, पण चार घासांवर. आणि पुढे जीवनसत्त्व ब-12 ची इंजेक्शने घेत. ते जीवनसत्त्व शोषण्यासाठी जे द्रव्य लागते, तेही जठराच्या त्याच आम्लपेशी तयार करतात.

मी पुढे वैद्यकीय महाविद्यालयात हाच विषय शिकवू लागलो. पावलोवचा कुत्रा मुलांना समजावून देताना काकांचे उदाहरण मोठ्या आत्मविश्वासाने देत असे. मन रसावर राज्य करते. मन बिघडले, रस बिघडला, व्रण झाला. किती सरळ, किती पटण्याजोगे! आणि मुख्य गोष्टीत चुकीचे.

एप्रिल 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल हे दोघे डॉक्टर जठराच्या अस्तरात दिसणारे पिळदार जंतू वाढवण्याच्या खटपटीत होते. दोन दिवसांत काही उगवले नाही की तबकड्या टाकून देत. ईस्टरच्या सुट्टीमुळे त्या खेपेस तबकड्या पाच दिवस राहिल्या आणि जंतू उगवले. इतक्या तीव्र आम्लात जंतू जगतील, यावर कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा 1984 साली मार्शल यांनी ते जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. या जंतूला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू अमोनिया तयार करून स्वतःभोवती आम्ल मारतो आणि लेपाखाली दडून राहतो. तो जठराच्या खालच्या भागात ठाण मांडून बसला, म्हणजे तेथला तो चौथा, थांबवणारा, दुबळा पडतो. गॅस्ट्रिनला लगाम राहत नाही. आम्ल वाहतच राहते आणि पुढच्या आतड्याला व्रण पडतो. ज्यांच्या पोटात हा जंतू असतो, त्या सगळ्यांनाच व्रण होत नाही, हे खरे; आपल्या देशात तर तो पुष्कळांच्या पोटात आहे. पण ज्यांना व्रण होतो, त्यांच्यात जंतू हे एक मोठे कारण असते, आणि दुसरे मोठे कारण म्हणजे सांधेदुखी-डोकेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. त्या संरक्षक लेपच दुबळा करतात. तिखटाने दुखऱ्या पोटाची जळजळ वाढेल, चिंतेने दुखणे उफाळेल. परंतु काकांच्या दुखण्याचे खापर जे काकूच्या ठेच्यावर फोडले गेले, त्याला आधार नव्हता.

ही गोष्ट मी काकूला जाऊन सांगितली. तोवर काका गेले होते आणि ती फार थकली होती. मी जंतूचे चित्र काढून दाखवले. तिने ते पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, “म्हणजे माझ्यामुळे नाही ना?” मी म्हटले, “नाही, काकू.” ती काही बोलली नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिने पाटावरवंटा काढायला सांगितला.

तेव्हा तात्पर्य काय? एक तर जेवताना मन जेवणावर असू द्या. रागाने, घाईने, वर्तमानपत्रात किंवा हातातल्या फोनमध्ये डोके खुपसून जेवू नका. पहिला रस मनाच्या हुकुमाने सुटतो, ही गोष्ट पावलोवने सिद्ध केली आहे आणि ती आजही खरी आहे. दुसरे, ज्याला आपण बोलताना ‘पित्त झाले’ म्हणतो, ते बहुधा पित्त नसून हे आम्लच असते. त्यावरच्या गोळ्या गुणकारी आहेत. 1976 पासून हिस्टमीनची वाट अडवणाऱ्या गोळ्या आल्या. त्यांच्या शोधासाठी जेम्स ब्लॅक यांना 1988 साली नोबेलचा मान मिळाला. त्यानंतर तो पंपच बंद पाडणाऱ्या गोळ्या आल्या. काकांच्या काळी त्या असत्या, तर सुरी लागली नसती. परंतु दुकानातून आणून वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेण्याच्या त्या नव्हेत. आम्ल शत्रू नाही; ते अन्नाबरोबर आलेले जंतू मारते, अन्नातले ब-12 सुटे करते. दुखणे वारंवार येत असेल, तर जंतूची तपासणी करून घ्या. ठरावीक दिवसांच्या औषधाने तो बहुतेकांच्या पोटातून जातो.

आणि तिसरे. दुखणाइताच्या स्वभावाला किंवा त्याच्या घरच्यांना दोष देण्यापूर्वी जरा थांबा. कारण कळले नाही की मनाकडे बोट दाखवण्याची आपल्याला घाई असते. मीही ते वर्गात उभा राहून पुष्कळ वर्षे केले. त्याची कबुली मी आपल्यापुढे दिली, आता माझेही तोंड कोरडे पडले आहे. तांब्यातले पाणी घेतो आणि आपली रजा घेतो.